कुंडीतलं लोह

१० फेब्रुवारी

ऑफिसात दरवर्षी डायऱ्या वाटतात, तशा यंदाही वाटल्या. जानेवारीची पानं कोरीच गेली. ती फाडून टाकणार होते, पण फाडली की मागची शिवण सुटते, म्हणून राहू दिली.

ताई डिसेंबरात गेली. बँकेच्या रांगेत उभी होती. मागच्या बाईला म्हणाली, जरा माझी जागा धरता का, आणि खाली बसली ती उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली म्हणे. ताई आजारी कधीच नव्हती. आजारी आहे ती तिची मुलगी. आम्ही सगळ्यांनी सोळा वर्षं जीव मुठीत धरून बघितलं ते गोटीकडे, आणि गेली ताई.

गोटी आता माझ्याकडे असते. तिचं खरं नाव शाळेपुरतं. अंगानं लहानखुरी, म्हणून पहिल्यापासून गोटी. ती दोन वर्षांची असताना बाप 'मला हे झेपणार नाही' म्हणून गेला तो गेला. त्याचा विषय आम्ही काढत नाही. मी एकटी राहणारी बाई. माझ्या घरात दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे असायचे. ते आता पलंगावर असतात.

भेटेल तो विचारतो, कशी आहेस. मी म्हणते, ठीक. आणि खरंच ठीक आहे. दात काढताना भूल देतात, तेव्हा गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीसं. रडू आलेलं नाही. लोक गेल्यावर येईल म्हणून वाट पाहिली, लोक गेले, तरी नाही आलं.

१३ फेब्रुवारी

इथलं बस्तान बसलं म्हणायला हरकत नाही. सकाळी सहाला मी गोळ्या विरघळवायला ठेवते.

कोशातली नोंद लिहावी तसं एकदा लिहूनच टाकते. गोटीचं रक्त स्वतः टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. रक्ताबरोबर लोह येतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाटच शरीराकडे नाही. ते साठत जातं, आधी यकृतात, मग हृदयात, आणि हृदयात साठलं की संपलं. म्हणून रोज या गोळ्या. गोळीतलं औषध लोहाला धरतं आणि घेऊन बाहेर जातं. बस, एवढंच. रोजच्या रोज, जन्मभर.

गोळ्या पाण्यात विरघळवायच्या, लाकडी चमच्यानं ढवळायच्या, उपाशी पोटी प्यायच्या. पिऊन झालं की ग्लासाच्या तळाशी पांढरा थर उरतो, त्यात परत थोडं पाणी घालून तेही प्यायचं. ताईनं मला हे दहादा शिकवलं होतं. गोटी ग्लासाकडे नुसतं बघत बसली की ताई म्हणायची, 'एक दिवस चुकवलास ना गोटे, तर माझा जीव जाईल.' तसं हे वाक्य तिच्या तोंडात कायमच असायचं. दूध उतू गेलं तरी तिचा जीव जायचा.

मी ग्लास टेबलावर ठेवते आणि अंघोळीला जाते. ती पिताना मी समोर थांबत नाही. मोठी मुलगी आहे, पहारा कशाला. शिवाय पिताना ती हनुवटी वर करते, आणि हनुवटी थेट ताईची.

अंघोळ करून येते तोवर ग्लास धुऊन, पुसून, पालथा घातलेला असतो. गुणाची पोर आहे.

१९ फेब्रुवारी

आज ऑफिसात बैठक झाली. आमच्या रसायनशास्त्राच्या कोशात पाच भाषांचे पाच रकाने आहेत. एका रकान्याला एक माणूस. आमच्या भाषेचा रकाना माझा. सध्या गाडी अडली आहे ती चिलेशनवर. धातूच्या कणाला एखादा रेणू दोन्हीकडून धरून बसतो, त्या धरण्याला हा शब्द. मुळात तो जुन्या ग्रीकातल्या खेकड्याच्या नांगीवरून आला.

शेजारच्या टेबलावरच्या काकांच्या भाषेत सरळ खेकडाच ठेवलाय. पलीकडच्या बाईंनी चिमटा घेतलाय. आमचे मुख्य संपादक, ज्यांना आम्ही पाठीमागे 'परिशिष्ट' म्हणतो, त्यांना 'नखरबंध' हवाय. मी म्हटलं, साहेब, नखरबंध ऐकून पोरांना लग्नातला दागिना वाटेल. 'पकडबंध' करू. यावर तासभर गेला. चहा दोनदा आला.

मला गंमत याची वाटली, की ज्या गोष्टीवर आम्ही शब्द शोधतोय ती रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात ग्लासात असते, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मीही बोलले नाही. सांगितलं असतं तर सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले असते.

घरी गोटीला विचारलं, तू काय म्हणशील याला. म्हणाली, 'काहीच नाही म्हणणार.'

२ मार्च

ताईची जागा रिकामी करून दिली. सामान फार निघालं नाही. आम्ही तिचं लिंबाचं झाड आणलं. मोठी कुंडी आहे, टॅक्सीवाल्यानं तोंड वाकडं केलं. हे झाड ताईनं गोटी पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आली त्या वर्षी बीपासून लावलं होतं. त्याला आजवर एक लिंबू लागलेलं नाही, पण पानं अशी गर्द की बघत राहावं. पान चुरडून ताई गोटीच्या नाकाशी धरायची, रक्त चढवून आल्यावर मळमळतं तेव्हा.

कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवली, टेबलाला लागून. दुसरीकडे जागाच नाही.

गोटीनं कुंडी सोडून बाकी कशालाही हात लावला नाही. ताईचे कपडे मी एकटीनं बांधले. घड्या घालताना मी मोजत होते की काय कुणास ठाऊक, डोक्यात नुसते आकडे होते.

९ मार्च

रक्त चढवायचा दिवस. आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्यात. मी प्रुफं नेली होती. गोटी भिंतीकडे तोंड करून झोपली. नर्सनं विचारलं, आई नाही आली आज? नवीन असावी. गोटी म्हणाली, 'नाही आली.' तेवढंच. मीही प्रुफातून मान वर केली नाही. मला वाटतं आम्हा दोघींचं बरं जमतं.

२८ मार्च

आमचा मजला चौथा. गोटी दुसऱ्यावर थांबायला लागलीये. विचारलं तर म्हणते, बूट चावतात. नवे बूट आणले. तरी थांबते. या वयात मुली आळसावतात, आणि आई जाऊन चार महिनेही झालेले नाहीत. मी पायऱ्यांवर तिच्यासाठी थांबते आणि दोघी काही न बोलता उभ्या राहतो.

लिंबाची नवी पानं फिकी येतायत. जागा बदलली की झाडं रुसतात. ताईही अशीच होती, दुसऱ्याच्या घरी तिला झोप यायची नाही.

६ एप्रिल

लिंबाकडे आज नीट पाहिलं. रुसवा नाही हा. नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्याच्या हिरव्या. कुणीतरी पिवळ्या कागदावर हिरव्या पेनानं शिरा काढाव्यात इतकं स्पष्ट. ही लोहाची कमतरता. पुस्तकात असते तशी, किंबहुना पुस्तकात इतकी चांगली नसते.

चिलेशनच्या नोंदीत शेतीचा एक परिच्छेद मीच लिहिलाय. झाडाला लोह मिळेनासं झालं की पान असं होतं. आम्हाला तिथे चित्र हवंच होतं. पाचही भाषांना एकच चित्र चालेल, त्याचं भाषांतर करायला नको. परिशिष्ट साहेबांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाले. म्हणाले, आपला फोटोग्राफर पाठवतो, तोवर झाडाला काही घालू नका. रंग बिघडायला नको.

मला हे पटलं. हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, दुकानात सहज मिळतो, चिमूटभर पाण्यातून घातला की झाड सुधारेल. पण सुधारलं तर फोटो गेला. थोडे दिवस राहू दे आजारी.

मातीवर पांढरा थर आलाय, मिठासारखा. इथल्या पाण्यात क्षार फार.

१४ एप्रिल

ग्लास धुऊन पालथा. एक दिवस खाडा नाही. शेजारच्या बाईंची मुलगी जेवलेलं ताट उचलत नाही म्हणून त्या रडकुंडीला आलेल्या असतात. मी त्यांच्यापुढे गोटीचं कौतुक केलं. गोटी तिथेच होती, उठून आत गेली. स्तुतीनं लाजते.

२१ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा कागद बराच वेळ हातात धरला. साठलेलं लोह डिसेंबरच्या तिप्पट झालंय. त्यांनी आधी गोटीला विचारलं, मग मला बाहेर बोलावून विचारलं, गोळ्या नियमित होतायत ना. मला राग आला. मी म्हटलं, एकही चुकलेली नाही, मी स्वतः रोज ग्लास भरते, आणि हे काय असतं ते मला कुणी शिकवायला नको, मी त्यावर नोंद लिहिते आहे. त्या म्हणाल्या, मग औषध कमी पडतंय. त्यांनी गोळ्या वाढवल्या. हृदयाचा स्कॅन सांगितला, जूनची तारीख मिळाली. लोह हृदयापर्यंत पोचलंय का ते त्यात दिसेल.

'पोचलं असेल तर?' मी विचारलं.

'तर आपल्याकडे वेळ कमी आहे.'

पायाखालची जमीन वगैरे सरकली नाही. फरशी होती तिथेच होती, राखाडी ठिपक्यांची. मी बसच्या तिकिटासाठी सुटे पैसे काढले. गोटीला सांगितलं की आता दोन गोळ्या जास्त. तिनं मान हलवली.

घरी आल्यावर मला वाटलं की मी घाबरायला हवं होतं. बसून वाट पाहिली. मग पाव भाजला.

५ मे

फोटोग्राफर आला होता. चांगला पोरगेला आहे, फार बोलतो. त्यानं कुंडी वळवायला घेतली तशी गोटी म्हणाली, हात लावू नका. इतक्या जोरात, की तो दचकला. मी म्हटलं, तिच्या आईचं झाड आहे. तो बिचारा पाठीमागे पांढरी चादर लावून, गुडघ्यावर बसून फोटो काढत राहिला. म्हणाला, बाई, असं सुंदर आजारी झाड मी पाहिलं नाही.

खालची पानं गळायला लागलीयेत. आणखी एक-दोन आठवडे. साहेबांनी फोटो पास केला की हिराकस घालते.

गोटीचा रंग मला हल्ली मळकट वाटतो. काळपट. दहावीचे वर्ग सुट्टीतही भरतात, म्हणून उन्हात फिरते का विचारलं. म्हणाली, शाळेच्या मैदानावर. नंतर आठवलं की तिला मैदानावरून सूट आहे. पण असेल जात, बाकड्यावर बसायला.

१२ मे

काकांनी आज डबा खाताना विचारलं, घरी सगळं बरं ना, तुम्ही हल्ली चुका काढत नाही माझ्या. काका ताईला ओळखायचे, एकदा आमच्या ऑफिसच्या सहलीला ती आली होती आणि यांच्या टोपीवर बसली होती. मी म्हटलं, ठीक आहे सगळं. ते म्हणाले, 'तुम्ही ठीक म्हणता तेव्हा मला फार काळजी वाटते.' मी हसले. अर्धा डबा तसाच बंद केला. पाणी प्यायले आणि परत कामाला लागले.

शब्द ठरला. नखरबंध. मी हात टेकले. फोटो पास झाला.

१४ मे

आज अर्धी रजा. गोटी शाळेत. दुपारी हिराकस आणला, कोमट पाण्यात विरघळवला, फिकट हिरवं पाणी झालं. कुंडीत ओतलं.

मातीवरच्या पांढऱ्या थराला ते पाणी लागलं आणि थर लाल झाला.

हिराकसानं माती तांबूस होते, गंज चढतो, मला माहीत आहे. गंज मी ओळखते. हा गंज नव्हता. हा बिटाच्या रसासारखा लाल, आणि बघता बघता गडद होत गेला. मी चमच्यानं थोडा थर उकरला. खालीही पांढरं. त्याच्या खालीही. बोटभर खोल.

क्षार लाल होत नाही. लोह घातल्यावर लाल होणारी पांढरी पूड, हा प्रयोग आम्ही कॉलेजात दुसऱ्या वर्षाला केलाय, त्यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते.

मी उठले, कपाटातून गोटीच्या गोळ्यांचा डबा काढला. एक गोळी बशीत चुरडली आणि तिच्यावर तेच हिरवं पाणी सोडलं. बशी कुंडीशेजारी ठेवली.

तोच लाल. एकाच ब्रशनं रंगवल्यासारखा.

मग मी खुर्चीवर बसले. माझ्या खुर्चीतून कुंडी हाताच्या अंतरावर आहे. गोटीच्या खुर्चीतून तर हातही लांब करावा लागत नाही.

म्हणून झाडाला लोह मिळत नव्हतं. मातीत लोह होतं, भरपूर होतं. औषध ते धरून बसलं होतं. हे वाक्य माझ्या नोंदीत आहे, मी लिहिलेलं, मार्चात. पाच भाषांत गेलंय ते. आणि मी दीड महिना झाड आजारी ठेवलं, फोटो छान यावा म्हणून. दीड महिना.

आणि तो थर. पिऊन झाल्यावर ग्लासाच्या तळाशी उरतो तो थर. तो कधी तरी, एखाद्या दिवशी तरी, घाईत धुवायचा राहून गेलेला दिसायला हवा होता. इतका स्वच्छ ग्लास कुठल्या सोळा वर्षांच्या मुलीचा असतो?

मी अंघोळीला जात होते. मला ती हनुवटी बघायची नव्हती.

बशी उचलली नाही. गोटी शाळेतून येईल तेव्हा तिला दिसू दे, असं आधी वाटलं. मग वाटलं, हे काय, चोर पकडायचाय का मला. बशी धुतली. लाल डाग पूर्ण गेला नाही.

१४ मे, संध्याकाळी

आली. दप्तर ठेवलं, कुंडी बघितली. माती लालच होती. माझ्याकडे बघितलं नाही.

मी ओरडणार नव्हते आणि ओरडले नाही. मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, कुंडी आणल्यापासून. आणि त्याआधी? त्याआधी बेसिनमध्ये. म्हणजे डिसेंबरापासून एकही नाही.

'झाडात का?'

'आईचं झाड आहे. ते सांगणार नाही तुला, असं वाटलं.'

मग मी तो मूर्ख प्रश्न विचारला, का. कडू लागतं का, पोटात दुखतं का. ती नखानं टेबलाची कड खरवडत होती. बोलली ती अगदी साध्या आवाजात, बसचा नंबर सांगावा तशी.

'आई म्हणायची, एक दिवस चुकवलास तर माझा जीव जाईल. मी एकदा पण नाही चुकवला, मावशी. ताप असताना नाही, परीक्षेला नाही. त्या दिवशी सकाळी पण प्यायले होते. खालचं पण प्यायले होते.'

पाच भाषा आहेत आमच्या ऑफिसात, याला शब्द एकीतही नाही.

मग तिनंच विचारलं, झाड का वाळतंय. मी सांगितलं. जसं आहे तसं सांगितलं, की औषधानं मातीतलं लोह धरून ठेवलं आणि झाड उपाशी राहिलं. ती म्हणाली, 'म्हणजे मी केलं?' मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणायला हवं होतं बहुतेक. ती खाली बसली, कुंडीला दोन्ही हातांनी धरून, आणि रडली. डिसेंबरापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीची हाडं लागतात हाताला. मला वाटत होतं, मीही रडेन आता. नाही आलं.

१५ मे

सकाळी ग्लास ठेवला. अंघोळीला गेले नाही. दुसरी खुर्ची तिच्यासमोर ओढली.

तिनं ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला माहीत होतं ती कशाची वाट बघतेय. त्या वाक्याची.

मी म्हटलं, 'मी तसं म्हणणार नाही. तू प्यायली नाहीस तर माझा जीव जाणार नाही, गोटे. तुझा जाईल. आणि मी इथेच असेन, या खुर्चीत, सकाळी सहाला, आणि समोर कुणी नसेल.'

ती म्हणाली, 'हे आईच्यापेक्षा वाईट आहे.'

'हो,' मी म्हटलं. 'पण खरं आहे.'

तिनं हनुवटी वर केली आणि प्यायली. मी बघितलं. शेवटपर्यंत बघितलं.

तळाशी थर उरला होता. मी पाणी घातलं, ती तेही प्यायली आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, शाळेला उशीर होतोय. मग ग्लास घासूनपुसून पालथा घालून गेली.

१६ मे

डॉक्टरीणबाईंना फोन केला. वाढवलेल्या गोळ्यांचं त्यांना विचारणं भागच होतं, इतक्या दिवसांनी एकदम तेवढ्या सुरू करायच्या की नाही ते. मी सांगितलं, एकही चुकलेली नाही असं म्हणाले होते ते खोटं निघालं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, या वयात पुष्कळ करतात, आणि घरातल्यांना शेवटी कळतं. आधी पहिल्या मापानं द्या. स्कॅन अलीकडे ओढते.

ऑफिसात फोटो परत मागितला. साहेब म्हणाले, पान लागलंय, छपाईला तयार आहे. मी म्हटलं, फोटोखाली 'लोहाची कमतरता' छापलंय आणि ते चूक आहे. कुंडीत लोहाची कमतरता नव्हती. साहेब म्हणाले, वाचकाला काय कळणार आहे? मी म्हटलं, मला कळतंय. काकांनी मान वर करून पाहिलं. पान उतरवलं.

२९ मे

स्कॅन झाला. हृदयात लोह पोचलंय. थोडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून परत फिरता येईल अशा ठिकाणी आहे, पण आता गोळ्या पुरणार नाहीत. रात्रभर पोटाला सुई लावून पंप चालवायचा, आणि सकाळी गोळ्या आहेतच. निदान वर्षभर. एकही खाडा परवडणार नाही.

येताना गोटी तिसऱ्या मजल्यावर थांबली. मीही थांबले. म्हटलं, बूट चावतात? ती म्हणाली, 'नाही. दम लागतो.' मी म्हटलं, बरं. पहिल्यांदाच आम्ही दोघी त्या जिन्यात काहीतरी बोललो.

लिंबाची माती बदलली. मुळं धुतली, वाळलेलं छाटलं. उरलंय ते एक खोड आणि चार पानं. गोटी विचारते, जगेल का. मी म्हणते, माहीत नाही. तिला खोटं सांगायचं आता मला धाडस नाही.

११ जून

पंपाची सुई कुठे टोचायची ते मी तीनतीनदा तपासते. गोटी म्हणते, दे इकडे, आणि स्वतः लावते. मशीन सकाळपर्यंत घुर्रघुर्र करत असतं. दोघींनाही झोप लागत नाही, मग कधी कधी ती तिच्या खोलीतून विचारते, जागी आहेस? मी म्हणते, हो.

सकाळी समोरासमोर बसतो. मी चहा घेते, ती ते. एकदा म्हणाली, आईपण चहा घेऊन बसायची. मला माहीत नव्हतं. ताईनं मला गोळ्या, पाणी, चमचा सगळं शिकवलं, हे सांगायचं राहिलं. किंवा तिला ते शिकवण्यासारखं वाटलं नसेल.

१७ जून

आज मी झोपून राहिले. घड्याळाचा गजर ऐकूच आला नाही. धडपडत उठले तर साडेसात. घरात कुणी नाही. पंप बंद करून, नळी गुंडाळून टेबलावर. गोटी शाळेला गेलेली.

मी स्वयंपाकघरात गेले. पालथा ग्लास नव्हता. पहिल्यांदा कुंडी बघितली, खोटं का सांगू. मातीला बोट लावलं. कोरडी, काळी. लाल नाही, पांढरी नाही. चार पानांची पाच झालीयेत, पाचवं नखाएवढं, रंग अजून कळत नाही.

ग्लास बेसिनमध्ये होता. आडवा पडलेला. न धुतलेला. आतून काठापर्यंत पांढरे ओघळ वाळलेले, तळाशी दुसऱ्यांदा घातलेल्या पाण्याचा थेंबभर गढूळ ठिपका, लाकडी चमचा त्यातच. घाईत प्यायली होती आणि तसाच टाकून पळाली होती, कुठल्याही सोळा वर्षांच्या मुलीसारखी.

मी तो उचलला. नळ सोडला आणि परत बंद केला. धुवायचं जिवावर आलं. बेसिनला टेकून, तो खरकटा ग्लास हातात घेऊन मी रडले. आधी ताईसाठी, म्हणजे मला वाटतं ताईसाठी, मग थांबताच येईना. शेजारच्या बाईंनी दार वाजवलं. मी म्हटलं, ठीक नाहीये, जरा आत या.